रसद तुटली तिथे युद्ध फिरलं

कुर्डुवाडी स्टेशनवर ज्यांनी बार्शी लाइटची छोटी गाडी पाहिली आहे, त्यांना 1941 साली रशियात जर्मन सैन्याची काय पंचाईत झाली ते चटकन कळेल. मुंबई-सोलापूर मार्गावरची मोठी गाडी कुर्डुवाडीला थांबायची. तिथून बार्शी-लातूरकडे किंवा पंढरपूर-मिरजेकडे जायचं तर रूळच वेगळे, अडीच फुटांचे. मोठ्या गाडीचा डबा त्या रुळांवर चढणंच शक्य नव्हतं. म्हणजे माणसं उतरायची, पोती उतरवायची, सगळं पलीकडच्या गाडीत भरायचं. आता हीच उतरव-चढव तीस लाख सैनिकांच्या दारूगोळ्याची, पेट्रोलची आणि घोड्यांच्या दाणावैरणीची करायची आहे, रोजच्या रोज आणि तीही शत्रूच्या मुलखात, असं डोळ्यांपुढे आणा.

जर्मन रुळांमधलं अंतर 1,435 मिलिमीटर होतं, सोव्हिएत रुळांमधलं 1,524. फरक जेमतेम साडेतीन इंचांचा. तेवढ्या फरकाने जगातलं त्या वेळचं सगळ्यात वेगवान सैन्य अडखळलं.

दुसऱ्या महायुद्धाची कलाटणी कुठली, असं विचारलं की स्टालिनग्राड, मिडवे, नॉर्मंडी ही नावं पुढे येतात. नावं बरोबरच आहेत. पण युद्ध तिथेच का फिरलं? सेनापतींची हुशारी, सैनिकांचं शौर्य, हवामान, नशीब हे सगळं खरं. तरी या लढाया एकापुढे एक ठेवून पाहिल्या की मला प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. पुढे गेलेल्या सैन्याचा मागच्याशी असलेला धागा तुटतो आणि मग युद्ध फिरतं. मराठी माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. 14 जानेवारी 1761 ला भाऊसाहेबांचं सैन्य पानिपतावर बाहेर पडलं ते उपासमार असह्य झाली म्हणून. दिल्लीकडची वाट अब्दालीने अडवली होती आणि त्याची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते. लढाई त्या दिवशी झाली, पण ती हरायला दोन महिने आधीच सुरुवात झाली होती. दुसरं महायुद्धही असंच वाचायला हवं.

युद्ध सुरू झालं 1 सप्टेंबर 1939 ला, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तेव्हा. पहिले दहा-बारा महिने जर्मनीला कुणी अडवू शकलं नाही. जून 1940 मध्ये फ्रान्स शरण गेला. डंकर्कच्या किनाऱ्यावरून सुमारे 3 लाख 38 हजार सैनिक बोटींतून निसटले, पण त्यांच्या तोफा आणि गाड्या मागेच राहिल्या. आता उरलं होतं एकटं ब्रिटन.

ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायर, हरिकेन ही ब्रिटिश विमानं आणि रडार यांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. मात्र जर्मन वैमानिकाची नजर सारखी पेट्रोलच्या काट्यावर असायची, हे कमी सांगितलं जातं. त्यांचं मुख्य लढाऊ विमान, मेसरश्मिट 109, फ्रान्समधून उडून लंडनवर पोचलं की तिथे लढायला हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं उरत. त्यापुढे थांबलं तर परतताना इंग्लिश खाडीत पडायचं. ब्रिटिश वैमानिक मात्र आपल्याच घरावर लढत होता. विमान पडलं तरी तो छत्रीने उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायला हजर. 17 सप्टेंबर 1940 ला हिटलरने ब्रिटनवरची स्वारी पुढे ढकलली आणि ती पुन्हा कधीच झाली नाही.

मग तो पूर्वेकडे वळला. 22 जून 1941 ला सोव्हिएत संघावर आक्रमण सुरू झालं. सिनेमांमुळे आपल्याला वाटतं की जर्मन सैन्य म्हणजे रणगाड्यांचा लोंढा. खरं तर त्या सैन्याबरोबर सहा लाखांहून जास्त घोडे होते. रणगाडे पुढे धावत होते आणि त्यांच्या मागे तोफा, शिधा, दारूगोळा ओढत घोडागाड्या येत होत्या. जर्मन रेल्वे पलटणी मागून रूळ आत सरकवत येत, एक पट्टी उखडून नव्या मापावर ठोकत. पण रूळ सरकवला म्हणजे काम संपत नाही. पाणी भरायच्या जागा सोव्हिएत इंजिनांच्या हिशेबाने लांब लांब होत्या. जर्मन इंजिनांचे काही पाइप बाहेरच्या बाजूने जात. थंडी पडली तशी त्यांतलं पाणी गोठलं आणि पाइप फुटले. ज्या थोड्या गाड्या पोचत होत्या त्यांत आधी गोळे आणि पेट्रोल भरलं जाई. सैनिकांचे गरम कपडे मागे पोलंडमध्ये पडून होते.

त्याच वेळी सोव्हिएत बाजूला उलटं चाललं होतं. पश्चिमेकडचे दीड हजारांवर कारखाने खोलून, यंत्रं मालगाड्यांत घालून उरल पर्वतापलीकडे नेले गेले. अनेक ठिकाणी छप्पर पडायच्या आत यंत्रं सुरू झाली. जर्मन सैन्य जसजसं पुढे जात होतं तसतसं घरापासून दूर पडत होतं, आणि सोव्हिएत सैन्य मागे हटत आपल्याच रुळांच्या जवळ येत होतं. 5 डिसेंबर 1941 ला सोव्हिएत सेनापती झुकॉव्हने मॉस्कोपुढे प्रतिहल्ला केला तेव्हा जर्मन सैनिक उन्हाळी गणवेशात, गोठलेल्या बंदुका घेऊन उभे होते.

तो डिसेंबर महिना नीट बघा. 5 तारखेला मॉस्कोचा प्रतिहल्ला. 7 तारखेला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन आरमाराच्या तळावर हल्ला केला. 11 तारखेला हिटलरने आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. तोवर ही युरोपातली आणि आशियातली दोन वेगळी युद्धं होती. त्या एका आठवड्यात ती एक झाली आणि जगातली सगळ्यात मोठी औद्योगिक ताकद जर्मनीच्या विरुद्ध उभी राहिली. एकच कलाटणी निवड असं मला कुणी म्हटलं तर मी कुठल्याही एका लढाईऐवजी हा आठवडा निवडेन.

जपान पर्ल हार्बरपर्यंत का गेला, याचं उत्तरही तेलात आहे. जपानला लागणाऱ्या तेलाचा बहुतांश भाग अमेरिकेतून येत होता. चीनमधल्या आणि इंडोचायनातल्या जपानी आक्रमणामुळे 1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तो पुरवठा तोडला. आता एक तर माघार घ्यायची, नाहीतर आजच्या इंडोनेशियातले तेलसाठे बळकावायचे. जपानने दुसरी वाट धरली आणि ती मोकळी राहावी म्हणून अमेरिकन आरमारावर घाला घातला. 2,400 वर अमेरिकन मेले, आठही युद्धनौकांना फटका बसला. पण विमानवाहू जहाजं त्या दिवशी बंदरात नव्हती. आणि बंदराच्या कडेला तेलाच्या टाक्या होत्या, दुरुस्तीच्या गोद्या होत्या. त्या जवळजवळ शाबूत राहिल्या.

याची किंमत जपानने सहा महिन्यांत मोजली. कोरल समुद्रातल्या लढाईत जबर जखमी झालेलं यॉर्कटाउन हे विमानवाहू जहाज 27 मे 1942 ला पर्ल हार्बरला पोचलं. नीट दुरुस्तीला काही महिने लागले असते. गोदीतल्या कामगारांनी रात्रंदिवस खपून त्याला तीन दिवसांत समुद्रात परत पाठवलं, ते थेट मिडवे बेटाकडे. जपानी तिकडेच येणार हे अमेरिकनांना कसं कळलं, तो किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानी सांकेतिक संदेशांत हल्ल्याची जागा ‘एएफ’ या खुणेने यायची. संकेत फोडणाऱ्या जोसेफ रोशफर्टच्या तुकडीचा अंदाज होता की एएफ म्हणजे मिडवे, पण वरिष्ठांची खात्री पटत नव्हती. म्हणून मिडवेला समुद्राखालच्या तारेने गुपचूप निरोप गेला की तुमचं गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय असं रेडिओवर उघड्या भाषेत बोला. थोड्याच वेळात जपानी संदेश पकडला गेला: एएफवर पाण्याची टंचाई आहे.

4 जूनला सकाळी साडेदहाच्या सुमारास, काही मिनिटांत, तीन जपानी विमानवाहू जहाजं पेटली. डेकखाली तेल भरलेली विमानं, बाँब आणि पाणतीर पसरलेले होते, त्यामुळे आग आवरेना. चौथंही नंतर बुडालं. आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू ही चारही जहाजं पर्ल हार्बरच्या हल्ल्यात होती. त्या दिवशी न फोडलेली गोदी मिडवेत जपानला अशी भोवली.

आता स्टालिनग्राड. इथे जरा थांबायला हवं.

1942 च्या उन्हाळ्यात जर्मनीने दक्षिणेकडे मुसंडी मारली ती कॉकेशसमधल्या तेलासाठी. सोव्हिएत तेलाचा सिंहाचा वाटा बाकूहून येत होता. ऑगस्टमध्ये जर्मनांनी मायकोपचं तेलक्षेत्र घेतलं, पण सोव्हिएतांनी जाताना विहिरी आणि यंत्रं मोडून ठेवली होती. बाकू लांबच राहिलं. दरम्यान व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडने हिटलरला खेचून घेतलं. 23 ऑगस्टला बाँबवर्षावात शहर जळालं आणि मग पडक्या भिंतींमध्ये, जिन्यांवर, कारखान्यांच्या यंत्रांमागे महिनोन् महिने लढाई चालली. सोव्हिएत सैनिकांना कुमक आणि दारूगोळा मिळे तो रात्री होड्यांतून व्होल्गा ओलांडून, वरून तोफांचा मारा चालू असताना.

सहाव्या जर्मन सेनेचं सगळं बळ शहरात अडकलं होतं आणि तिच्या दोन्ही बगला रुमानियन सैन्याच्या हवाली होत्या. रणगाडे भेदणाऱ्या चांगल्या तोफाच त्यांच्याकडे पुरेशा नव्हत्या. त्यांच्या मागे मदतीला एक जर्मन रणगाडा दल ठेवलं होतं. पेट्रोल नाही म्हणून ते रणगाडे आठवडेच्या आठवडे पेंढ्याखाली झाकून उभे होते. 19 नोव्हेंबरला सोव्हिएत हल्ला आला तेव्हा हलायचा हुकूम मिळाला, पण बरेच रणगाडे सुरूच होईनात. पेंढ्यातल्या उंदरांनी आतल्या विजेच्या तारा कुरतडल्या होत्या.

चार दिवसांत वेढा पूर्ण झाला. आत अडीच लाखांहून जास्त माणसं. जर्मन हवाई दलाचा प्रमुख ग्योरिंगने हिटलरला शब्द दिला की विमानाने सगळं पोचवू. सेनेला रोज किमान 500 टन माल हवा होता. प्रत्यक्षात सरासरी 100 टनांच्या आसपास पोचला, काही दिवशी धुक्यामुळे काहीच नाही. आधी घोडे कापून खाल्ले. मग पावाचा तुकडा दिवसेंदिवस लहान होत गेला. जानेवारीत पितोमनिक आणि गुमराक हे विमानतळही गेले, तेव्हा पेट्या वरून टाकाव्या लागल्या आणि त्यांतल्या कितीतरी बर्फात हरवल्या. हिटलरने सहाव्या सेनेचा सेनापती पाउलसला 30 जानेवारीला फील्डमार्शल केलं. दुसऱ्याच दिवशी तो शरण गेला आणि 2 फेब्रुवारी 1943 ला उरलेले. सुमारे 91 हजार कैदी झाले, त्यांतले पाच-सहा हजारच पुढे घरी परतले. उपाशी, तापाने फणफणलेल्या त्या रांगांची छायाचित्रं पाहिली की कुठल्याही बाजूच्या विजयाचा आनंद होत नाही.

उत्तर आफ्रिकेत त्याच सुमारास अल अलामीनला जर्मन सेनापती रोमेल हरला. त्रिपोलीचं बंदर आघाडीपासून दोन हजार किलोमीटरहून लांब पडत होतं, माल्टाहून उडणारी विमानं त्याची तेलवाहू जहाजं बुडवत होती आणि पेट्रोल आणणारे ट्रक वाटेत बरंचसं पेट्रोल स्वतःच पीत होते. इतकं सांगितलं की त्या लढाईचा गाभा आला.

अटलांटिक महासागराची लढाई मात्र लोक विसरतात, कारण तिला गाव नाही, तारीख नाही. जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे जाणारी मालवाहू जहाजं टिपत होत्या आणि काही महिने तर जहाजं बांधण्यापेक्षा बुडण्याचा वेग जास्त होता. मग लांब पल्ल्याची विमानं आली, नवं रडार आलं, फोडलेले जर्मन संदेश हाती येऊ लागले. मे 1943 या एकाच महिन्यात चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन आरमारप्रमुख डोनित्झने उरलेल्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. इकडे अमेरिकन गोद्या ‘लिबर्टी’ जातीची जहाजं ओतत होत्या, एकूण 2,700 च्या वर. एक तर विक्रमासाठी साडेचार दिवसांत बांधलं गेलं. अमेरिकेने सोव्हिएत संघाला दिलेले ट्रक आणि जीप मिळून चार लाखांच्या घरात होते. 1941 मध्ये मॉस्कोपुढे जर्मन घोडागाड्या चिखलात रुतल्या होत्या. 1944 मध्ये सोव्हिएत सैन्य बेलारूसमधून पश्चिमेला धावलं ते मोठ्या प्रमाणात अमेरिकन स्टुडबेकर ट्रकांवर.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 6 जून 1944 ला पहिल्या दिवशी दीड लाखांवर सैनिक उतरले. या दिवसावर इतकं लिहिलं गेलंय की मी एकच गोष्ट सांगतो: दोस्त राष्ट्रांनी बंदर जिंकायची वाट न बघता बंदरच बरोबर नेलं. काँक्रीटचे प्रचंड ठोकळे समुद्रातून ओढत नेऊन दोन कृत्रिम बंदरं उभी केली. तरीही हा नियम दोस्तांनाही चुकला नाही. ऑगस्टअखेर अमेरिकन सेनापती पॅटनचे रणगाडे जर्मनीच्या दाराशी पेट्रोलवाचून थांबले. आणि डिसेंबरात आर्देनच्या जंगलातला जर्मनीचा शेवटचा मोठा हल्ला तर शत्रूचं पेट्रोल लुटू या भरवशावर बेतला होता. ते मिळालं नाही. किती तरी जर्मन रणगाडे धडधाकट असूनही रस्त्यात सोडून द्यावे लागले.

आपल्याकडे हे युद्ध ‘त्यांचं’ म्हणून शिकवलं जातं. पंचवीस लाख भारतीय त्यात लढले, आणि आशियातल्या जमिनीवरची एक मोठी कलाटणी आपल्या मणिपूर-नागालँडमध्ये घडली.

मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. जपानी बंगालमध्ये उतरले तर त्यांना काही मिळू नये म्हणून सरकारने किनारपट्टीतला तांदूळ हलवला आणि हजारो होड्या काढून घेतल्या. ज्या मुलखात रस्ता म्हणजे नदी, तिथे होडी नेणं म्हणजे बाजार, मासेमारी, शेती सगळंच नेणं. त्यात ऑक्टोबर 1942 चं चक्रीवादळ, भडकलेले भाव, साठेबाजी, आणि सैन्याला आणि कलकत्त्याला आधी पुरवायचं हे धोरण. 1943 च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. रसदेचा इतिहास लिहिताना ही माणसं तळटीपेत जाता कामा नयेत. ती लढाईत नव्हती, तरी लढाईनेच त्यांना मारलं.

मार्च 1944 मध्ये जपानी जनरल मुतागुचीने सुमारे 85 हजारांचं सैन्य चिंदविन नदीपार घातलं. बरोबर आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही होत्या. सैनिकांकडे शिधा तीन आठवड्यांचा. पुढचं इंफाळचे ब्रिटिश साठे लुटून भागवायचं, असा बेत. ओझी वाहायला आणि नंतर खायला म्हणून हजारो बैल घेतले होते. त्यांतले कितीतरी नदीत वाहून गेले, कितीतरी डोंगरात कोसळले.

जपानी फौजेचा एक भाग कोहिमाकडे निघाला तो उखरूलजवळच्या सांगशाकला अडला. तिथे पन्नासाव्या भारतीय छत्रीधारी ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. जमीन इतकी खडकाळ की खंदक कमरेएवढेही खणता येईनात. काटेरी तारा नाहीत. पाण्याचे हाल. विमानांनी टाकलेल्या पेट्यांपैकी बऱ्याच जपान्यांच्या हाती पडल्या. तरी 26 मार्चच्या रात्रीपर्यंत ही माणसं टिकली. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला. त्यावरून कळलं की कोहिमावर एक अख्खी डिव्हिजन चालून येते आहे. तो नकाशा इंफाळला पोचला. सांगशाकने दिलेले ते दिवस कोहिमाला तयारीसाठी मिळाले. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांतल्या पोरांनी नागा टेकड्यांत केलेलं हे काम आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

कोहिमात एप्रिलमध्ये अडीच हजार माणसं, त्यांतली बरीच न लढणारी, पाच-सहा पट सैन्यापुढे उभी राहिली. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला हे आणि दुसऱ्या कडेला जपानी, मध्ये फेकलेल्या हातबाँबइतकं अंतर. 18 एप्रिलला बाहेरची कुमक पोचली. इंफाळलाही वेढा होता, पण तिथे स्टालिनग्राडचं उलटं झालं. सुमारे दीड लाख माणसांना तीन महिने खरोखरच विमानाने जगवलं गेलं. 22 जूनला रस्ता मोकळा झाला. कोहिमापुढच्या जपानी डिव्हिजनचा सेनापती सातो वरिष्ठांना सारखं कळवत होता की अन्न नाही, गोळ्या नाहीत. शेवटी हुकूम मोडून त्याने आपलं सैन्य मागे वळवलं. परतीच्या वाटेवर, धो धो पावसात, भुकेने आणि आमांशाने जितके मेले तितके गोळीने मेले नव्हते.

कोहिमाचा वेढा चालू होता त्याच आठवड्यात, 14 एप्रिलला दुपारी चार वाजता, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गठड्या, जवळजवळ 1,400 टन दारूगोळा, आणि सोन्याच्या विटा. शेकडो माणसं गेली, आसपासची वस्ती जळाली. आघाडीवरचं सैन्य ज्या साखळीवर जगत होतं तिची एक कडी भायखळा-मशीद बंदरच्या शेजारी होती. तेव्हापासून 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

इकडे जपानचं तेल आटत होतं. इंडोनेशियातल्या विहिरी ताब्यात होत्या, पण तेल घरी आणणारी जहाजं अमेरिकन पाणबुड्या बुडवत होत्या. 1945 च्या सुरुवातीनंतर तेल पोचणं जवळपास थांबलंच. तेव्हा जपान सरकारने लोकांना पाइनची मुळं खणायला लावलं. ती भट्टीत तापवून निघणाऱ्या तेलाचं विमानांसाठी पेट्रोल करायचं होतं. दोनशे मुळांवर एक विमान तासभर उडेल, अशी घोषणा होती. त्या वर्षी हिरोशिमावर बाँब पडला, सोव्हिएत सैन्य मांचुरियात घुसलं, आणि तोवर जपानच्या डोंगरउतारांवर शाळकरी मुलं आणि बाया कुदळ-फावडी घेऊन मुळं खणत होती. गावोगावच्या रस्त्यांच्या कडेला त्या मुळांचे ढीग रचलेले होते.